विकत घेतलेल्या वस्तूचे मुंडकार

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे एका तरुण वाचकाने असे लिहिले होते की, ॲपल कंपनीला नावे ठेवणारे बहुतेक लोक तिचा फोन न परवडणारे असतात आणि त्यांची टीका म्हणजे कोल्ह्याला आंबट लागलेली द्राक्षे होत. पत्र खुसखुशीत होते. ते वाचून मला थोडी गंमतही वाटली, कारण मी स्वतः गेली सहा वर्षे मुलाने दिलेला आयफोनच वापरत आहे. तो आजवर एकदाही बिघडलेला नाही, आणि आमच्या देवळाच्या उत्सवाचे मी काढलेले फोटो नातेवाईक कौतुकाने मागून घेतात, ज्याचे श्रेय माझे नसून फोनचे आहे. म्हणजे द्राक्षे माझ्या हातात आहेत, ती गोड आहेत, आणि तरीही ती विकणारी कंपनी मला आवडत नाही. असे वाटणारा मी एकटाही नाही. या नावडीची कारणे फोनच्या गुणदोषांत शोधली तर सापडत नाहीत, म्हणून ती कोठे आहेत हे जरा सविस्तर लिहितो.

हेव्याची बाजू आधीच मान्य करून टाकतो. लग्नाच्या हॉलमध्ये आरशासमोर उभे राहून, फोनच्या पाठीवरचे चावलेले सफरचंद नीट दिसेल अशा बेताने फोटो काढणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्यावरचा राग पुष्कळदा कंपनीवर निघतो. किमतीचेही तसेच आहे. २०२३ साली आलेला आयफोन १५ अमेरिकेत कर वगळून ७९९ डॉलरला, तर भारतात ७९,९०० रुपयांना मिळत होता. त्या फरकात करांचा वाटा मोठा आहे हे खरे. परंतु २०१७ पासून ज्या कंपनीचे फोन आपल्या देशातही जोडले जातात, तिचा फोन आपल्यालाच महाग का, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येणारच. तो मी येथेच सोडतो. महाग वस्तू न घेण्याची मुभा प्रत्येकाला असते. माझा मुद्दा वस्तू घेतल्यानंतरचा आहे.

माझे आजोळ गोव्यातल्या मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे. आजी सांगत असे की, पावसाळ्यापूर्वी कौले परतायची झाली किंवा खचलेली मातीची भिंत पुन्हा उभारायची झाली, तर आधी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, पडवीत जाऊन उभे राहावे लागे, आणि तो नुसते “बघू” म्हणाला तर तो पावसाळा गळणाऱ्या जागी भांडी मांडून काढावा लागे. घर आपण सारवलेले, मुले त्यात जन्मलेली, पण त्याच्या डागडुजीचा शब्द दुसऱ्याचा. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून घालवून देण्याविरुद्ध संरक्षण मिळाले, तोवर आजीचे आयुष्य त्या पडवीत उभे राहण्यात गेले होते. आयफोनच्या बाबतीत मला तिची आठवण येते. मुंडकाराला जमीन दुसऱ्याची आहे हे निदान ठाऊक असे. येथे मात्र पूर्ण रक्कम चुकती करून, पक्के बिल घेऊन घरी आल्यावर हळूहळू कळत जाते की, वस्तू आपली असली तरी तिच्याबद्दलचा शेवटचा शब्द आपला नाही.

माझ्या भाच्याचे म्हापशाला मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. शुक्रवारच्या बाजाराला गेलो की मी तेथे घटकाभर टेकतो. एकदा त्याने मला भिंगाखाली आयफोनची खालची कड दाखवली. चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू होता, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि त्याच्या डोक्यावर नेहमीची फुलीची खाच नव्हती. देवचाफ्याच्या फुलासारखी पाच पाकळ्यांची होती. “मामा, घरातला कुठलाच स्क्रूड्रायव्हर याला लागायचा नाही,” तो म्हणाला. हा स्क्रू कंपनीने २००९ साली आपल्या लॅपटॉपमध्ये आणि पुढे आयफोन ४ मध्ये आणला, तेव्हा तो फिरवण्याचे हत्यार सामान्य कारागिराकडे नव्हते. आता ते सर्वत्र मिळते, भाच्याकडे तर तीन आहेत, त्यामुळे या स्क्रूने कोणाला फार काळ अडवले असे म्हणता येणार नाही. पण तो कोणाला बाहेर ठेवण्यासाठी बसवला होता, हे भिंगाखाली फार स्पष्ट दिसते.

खरे कुलूप पुढे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे मला दोनदा समजावून घ्यावे लागले. अलीकडच्या आयफोनमधील काच, बॅटरी, कॅमेरा अशा प्रमुख भागांना स्वतःचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक त्या एकाच फोनशी बांधलेला असतो. एकाच जातीचे दोन कोरे फोन घेऊन त्यांच्या अस्सल काचा एकमेकांत बदलल्या, तरी काही वर्षांपूर्वीपर्यंत फोन कुरकुर करत असे, सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी भाग’ अशा अर्थाची सूचना येत असे आणि काही सोयी नीट चालत नसत. २०२१ साली आयफोन १३ आला तेव्हा काच बाहेर बदलली की चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोयच बंद पडत असे. ती वाचवायची तर जुन्या काचेच्या पट्टीवरची तिळाएवढी चिप सूक्ष्मदर्शकाखाली उचलून नव्या काचेवर सोल्डर करून बसवावी लागे, आणि असे काम करणारे हात आपल्याकडे किती असणार? दुरुस्ती करणाऱ्यांनी जगभर ओरड केल्यावर कंपनीने अपडेट देऊन हे मागे घेतले. त्यावर भाच्याचे म्हणणे एका वाक्याचे होते: “मागे घेता आले, म्हणजे करायची गरज नव्हती.”

तरीही तो माझ्याइतका रागावलेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. चोरलेला आयफोन फोडून त्याचे भाग विकण्याचा धंदा या बांधणीमुळे अवघड झाला आहे, आणि बाजारात बनावट बॅटऱ्या इतक्या आल्या आहेत की ती सूचना ग्राहकाच्या हिताचीही ठरते, असे तो सांगतो. मला हे अर्धे पटते. सूचना जरूर द्यावी, सोय बंद करू नये. अमेरिकेतील ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये भागांची अशी बांधणी करून दुरुस्ती अडवण्यास किंवा वस्तूची कार्यक्षमता कमी करण्यास कायद्याने मनाई केली. ॲपलने त्या विधेयकाला उघड विरोध केला होता आणि पुढच्याच महिन्यात, वापरलेले अस्सल भाग आपल्या काही नव्या फोनांत चालू देण्याचे जाहीर केले. गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. कंपनीने स्वतःची दुकाने एप्रिल २०२३ मध्ये मुंबई आणि दिल्लीत व सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरू आणि पुण्यात उघडली; काणकोणच्या किंवा वाळपईच्या माणसाला मात्र गावातला कारागीरच जवळचा असतो, आणि त्याच्या हातात अस्सल भाग पडूनही काम पुरे होणार नसेल, तर त्याने दुकान कशाच्या बळावर चालवायचे?

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले, त्यामुळे मला सर्वांत खटकलेले प्रकरण बॅटरीचे आहे. लिथियम बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोनने एकदम जास्त वीज मागितली की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि पडद्यावर तीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडू शकतो. यावर उपाय म्हणून ॲपलने जानेवारी २०१७ च्या अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या फोनांचा कमाल वेग उतरवण्याची योजना केली. तांत्रिकदृष्ट्या उपाय वाजवी होता. फक्त ज्यांचे फोन मंद केले त्यांना ते सांगितले नाही. लोकांना वाटले फोन म्हातारा झाला, आणि त्यांतल्या काहींनी नवा घेतला, जेव्हा केवळ नव्या बॅटरीने काम भागले असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही जाणकारांनी बॅटरी बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा वेग मोजून पाहिला तेव्हा हे उघडकीस आले. मग कंपनीने कबुली दिली, क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो कर वगळून ६,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड केला, तर अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. आमच्या खात्यात न सांगता केलेल्या वजावटीला, ती कितीही योग्य कारणासाठी केलेली असली, एकच नाव होते आणि ते येथे लिहिण्याजोगे नाही.

चार्जरची कथा त्यामानाने किरकोळ, पण लोकांच्या अधिक लक्षात राहिलेली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला तेव्हा पर्यावरणाचे कारण देऊन खोक्यातून चार्जर आणि इअरफोन काढून टाकण्यात आले. लोकांकडे जुने चार्जर असतातच, असे सांगण्यात आले. गंमत अशी की, खोक्यात दिलेल्या नव्या केबलचे टोक युएसबी-सी जातीचे होते आणि बहुतेकांच्या घरातील जुन्या आयफोन चार्जरचे भोक चौकोनी, जुन्या युएसबीचे. ती केबल त्यात बसत नसे. नवा चार्जर घ्यायचा तर भारतात १,९०० रुपये. (पुढच्या वर्षी याच कंपनीने पडदा पुसण्याचे फडके काढले, तेही १,९०० रुपयांनाच. आमच्या घरी जुन्या सुती पंच्याने काम भागते.) ज्या देशातून आपल्याकडे काजू आला त्या ब्राझीलने हे खपवून घेतले नाही, सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील सरकारने चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई करून एक कोटी बावीस लाख रेआलहून अधिक दंड ठोठावला. आणि फोनच्या बाजूचे ते केवळ ॲपलचे असे निराळे भोक, जे २०१२ पासून चालत आले होते, ते २०२३ च्या आयफोन १५ मध्ये गेले, तेही युरोपीय संघाने सर्व फोनांना एकच भोक सक्तीचे करणारा कायदा केल्यावर. पर्यावरणाचा इतका कळवळा होता, तर दोन जातीच्या केबली घरोघर साठू देणारे हे भोक अकरा वर्षे का ठेवले, हे कोडे मला उलगडलेले नाही.

आता ॲप स्टोअरबद्दल, म्हणजे आयफोनवर ॲप मिळण्याच्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानाबद्दल. आपल्या बाजारात मिरच्या आणि भाजी घेऊन बसणाऱ्या बाईकडून सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, घेतला जातो. त्याच्या दराबद्दल आणि कंत्राटदाराच्या वागण्याबद्दल आपल्याच दैनिकात किती पत्रे आली असतील याची गणती नाही. समजा त्या कंत्राटदाराने बाईला बजावले की, दर शंभर रुपयांच्या विक्रीमागे तीस रुपये मला द्यायचे, हीच मिरची तुझ्या घरी आले तर स्वस्त मिळते हे गिऱ्हाइकाला सांगायचे नाही, आणि या गावात दुसरा बाजार भरणार नाही. दुसऱ्या दिवशी पालिकेवर मोर्चा जाईल. ॲपलच्या दुकानातील डिजिटल विक्रीवर असाच तीस टक्के वाटा घेतला जातो. २०२१ पासून लहान व्यावसायिकांसाठी तो पंधरा टक्के करण्यात आला आहे. बाहेर स्वस्त मिळते हे संगीत सेवांना ग्राहकांना सांगू न दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये १८० कोटी युरोंहून अधिक दंड केला. भारताच्या स्पर्धा आयोगानेही या दुकानाच्या अटींची चौकशी करण्याचा आदेश ३१ डिसेंबर २०२१ रोजी दिला. गूगलही आपल्या दुकानात वाटा घेते हे खरे आहे, पण अँड्रॉइड फोनवर दुसऱ्या वाटेने ॲप घालता तरी येते. आयफोनवर ती वाट युरोपीय संघात मार्च २०२४ पासून कायद्याने उघडावी लागली आणि तेव्हा ती तेवढ्याच देशांत उघडली. म्हणजे पोर्तुगालला स्थायिक झालेल्या गोवेकराला जी मुभा आहे, ती म्हापशात राहणाऱ्या त्याच्या भावाला, तोच फोन तितकेच पैसे मोजून घेतला तरी, नाही.

या सर्वांहून वेगळी, पण लोकांना बोचणारी गोष्ट म्हणजे कंपनीचा तोरा. २०१० साली आयफोन ४ विशिष्ट तऱ्हेने हातात धरला की सिग्नल उतरत असे. त्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी एका ग्राहकाला तसा धरू नका, अशा आशयाचे उत्तर दिले. दोष फोनचा नव्हे, आमच्या हाताचा निघाला! नंतर सर्वांना फुकट कव्हरे वाटावी लागली. २०१६ साली इअरफोनचे भोक काढून टाकताना मंचावरून ‘धैर्य’ हा शब्द वापरला गेला, आणि त्याच कार्यक्रमात बिनतारी इअरफोनही विक्रीसाठी मांडले गेले. मे २०२४ मधील जाहिरातीत तर पियानो, गिटार, ट्रम्पेट, रंगांचे डबे एका प्रचंड यंत्राखाली चिरडून त्यांच्या जागी एक पातळ टॅबलेट निघताना दाखवला होता. दोनच दिवसांत क्षमायाचना झाली. आमच्या फोंडा भागात पेटी आणि पखवाज कापडात गुंडाळून ठेवणारी घरे अजून आहेत; पाय लागला तर त्यांना नमस्कार करतात. ती जाहिरात त्या घरांत कशी पाहिली गेली असेल हे वेगळे सांगायला नको.

कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ ची आयओएस १५ ही नवी प्रणाली मिळाली. इतकी वर्षे जुन्या फोनाची काळजी त्या काळी दुसरे कोणी क्वचितच घेत असे. २००९ पासून आयफोनमध्ये पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सोय अंगभूत आहे आणि दृष्टिहीनांसाठी तिचे मोल फार मोठे आहे. एक ॲप दुसऱ्या ॲपच्या कामात आपली पाळत ठेवू पाहत असेल, तर त्याने आधी विचारावे हा नियम २०२१ साली याच कंपनीने आणला. त्यामुळे कुंपण आहे म्हणून सुरक्षितता आहे, हा चाहत्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. मला कुंपणाचे वावडे नाही. माझ्या बागेलाही कुंपण आहे आणि त्याच्या फाटकाची चावी माझ्याकडे असते, इतकेच माझे म्हणणे.

“न आवडणाऱ्याने घेऊ नये” हा त्या तरुण वाचकाचा शेवटचा मुद्दा होता. तो पुरता लागू पडत नाही, कारण या कंपनीचे पायंडे तिच्या फोनापुरते राहत नाहीत. सॅमसंगने इअरफोनच्या भोकावरून ॲपलची जाहिरातीतून खिल्ली उडवली आणि २०१९ मध्ये आपल्या नोट १० मधून ते भोक काढले; चार्जरवरूनही चिमटे काढले आणि २०२१ च्या जानेवारीत एस२१ चार्जरविना विकला. जो आयफोनच्या वाटेला गेला नाही त्याच्याही खोक्यातून चार्जर गेला. क्रमांक बांधण्याची रीतही फोनांच्या बाहेर आढळते. माझ्या घरी एक प्रिंटर आहे. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, ती वेगळीच आहे. फोंड्यात शाई भरून आणलेली डबी त्यात घातली की तो ‘ओळख पटत नाही’ असे म्हणून थांबतो. आत शाई काठोकाठ भरलेली, कागद घातलेला, आणि मी भाच्याला फोन लावत त्याच्यासमोर उभा. पडवी तेवढी बदलली.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. ते चांगले पाऊल आहे. तथापि संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, आणि ओरेगनसारखा कायदा आपल्याकडे होईपर्यंत ग्राहकाला दुकानात शिरण्यापूर्वी काही गोष्टी कळल्या तर बरे. म्हणून आपल्या दैनिकाला एक विनंती करतो. नवा फोन बाजारात आल्याची बातमी आपण छायाचित्रासह, किमतीसह ठळक छापता. त्या किमतीच्या शेजारी, फोन कोणत्याही कंपनीचा असो, त्याची काच आणि बॅटरी बदलायला किती रुपये लागतात, किती वर्षे अपडेट मिळणार आहेत, आणि गोव्यात त्याची अधिकृत दुरुस्ती कोणकोणत्या गावी होते, एवढ्या तीन ओळी छापाव्यात. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र थोडे लहान करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल,
म्हार्दोळ, फोंडा-गोवा